लाल किल्ल्याचं छत आणि आपला हिशेब



राजधानीतल्या ऐतिहासिक वास्तूंवर बोला, असं मला सांगितलं गेलं. दिल्लीत ही यादी संपत नाही. कुतुबमिनार, हुमायूनची कबर, जामा मशीद, पुराना किल्ला... यादी तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळेल. मी आज एकच वास्तू घेणार आहे, लाल किल्ला, आणि त्यातलंही एकच दालन, दिवाण-इ-खास. या दालनाशी आपला, म्हणजे मराठी माणसांचा, एक हिशेब आहे. तो आपण सहसा पूर्ण मांडत नाही.

शहाजहानने आग्र्याहून राजधानी दिल्लीला हलवली. किल्ल्याचं काम 1639 मध्ये सुरू झालं, 1648 मध्ये संपलं. दिवाण-इ-खास म्हणजे निवडक लोकांना भेटण्याची जागा. संगमरवरी खांब, त्यांवर रंगीत दगडांचं जडावकाम, मयूरासन आणि डोक्यावर चांदीचं छत. पुढे 1739 मध्ये नादिरशहा आला. शहरात कत्तल झाली, मयूरासन इराणला गेलं.

मग येतं 1760. सदाशिवरावभाऊ उत्तरेत उतरले होते. पावसाळा, यमुनेला पूर, अब्दाली नदीपलीकडे, आणि फौजेचा पगार द्यायला पैसा नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला भाऊंनी दिल्ली घेतली. पण दिल्लीचा खजिनाही रिकामाच होता. तेव्हा दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवली, वितळवली, तिचे रुपये पाडले आणि फौजेवर खर्च केले. पुढे काही महिन्यांत, 14 जानेवारी 1761 ला, पानिपत झालं.

आता बघा, ही गोष्ट आपण सांगतो कशी? नादिरशहाने नेलं ती ‘लूट’, भाऊंनी काढलं ती ‘गरज’. तत्त्वज्ञानात आम्ही पहिल्याच वर्षाच्या मुलांना एक फरक शिकवतो. एखादी गोष्ट का घडली ते सांगणं वेगळं, आणि ती योग्य होती असं म्हणणं वेगळं. पहिलं स्पष्टीकरण, दुसरं समर्थन. भाऊंची अडचण खरी होती, तिने कृती समजते. पण समजली म्हणजे माफ झाली, असं होत नाही. आणि तसं होत असेल, तर ती सवलत इतरांनाही द्यावी लागेल. इंग्रजांकडेही कारण होतंच की! 1857 नंतर त्यांनी किल्ल्यातल्या बहुतेक इमारती पाडल्या आणि सैन्यासाठी बराकी बांधल्या. त्यांच्या लेखी तीही लष्करी गरजच होती. मोजपट्टी एकच हवी.

पण हिशेब मांडायचा तर जमेची बाजूही मांडू. इंग्रजांच्या आश्रयाने अलाहाबादला राहिलेल्या शाह आलमला मराठ्यांनी 1772 च्या जानेवारीत दिल्लीच्या गादीवर परत आणलं. त्यात महादजी शिंद्यांचा वाटा मोठा. 1788 मध्ये गुलाम कादिर रोहिल्याने याच किल्ल्यात त्या वृद्ध बादशहाचे डोळे काढले. महादजींच्या फौजेने दिल्ली सोडवली, गुलाम कादिरला पकडलं आणि हालहाल करून मारलं. म्हणजे जमेच्या बाजूलाही रक्ताचे डाग आहेतच. त्यानंतर 1803 पर्यंत, लेकने पटपडगंजला शिंद्यांच्या फौजेचा पराभव करेपर्यंत, दिल्लीची सूत्रं बऱ्याच अंशी मराठ्यांच्या हाती होती. शाळेच्या पुस्तकात पानिपत येतं, ही पुढची वर्षं दोन ओळींत उरकतात.

या किल्ल्यात न्यायनिवाडेही झाले. 1858 मध्ये बहादूरशहा जफरवर खटला चालला, तो याच दिवाण-इ-खासमध्ये. ज्या दालनात त्याचे पूर्वज फर्मानं काढत, तिथेच तो आरोपी म्हणून बसला. पुढे त्याला रंगूनला धाडलं. 1945 मध्ये आझाद हिंद सेनेचे शाहनवाझ खान, सहगल आणि धिल्लन यांच्यावर किल्ल्यातच खटला चालला, भुलाभाई देसाई बचावाला उभे राहिले. आणि 1948 मध्ये गांधीहत्येचा खटला इथेच. त्यातले बरेच आरोपी मराठी होते, हेही आपल्याच वहीत लिहायचं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की वास्तू ही कुणाच्या अभिमानाची मालमत्ता नसते. ती साक्षीदार असते, आणि साक्षीदाराला अर्धंच बोलू देणं म्हणजे साक्ष फिरवणं. आपल्याला सोयीचं तेवढं ऐकलं, तर समोरचाही तेच करणार, आणि मग इतिहास म्हणजे नुसतं भांडण उरतं.

दिल्लीला जाल तेव्हा दिवाण-इ-खासपाशी जरा थांबा. खांब बघतात सगळे. तुम्ही मान वर करा. तिथे आता चांदी नाही, रंगवलेलं लाकडी छत आहे. त्या छताखाली उभं राहून मुलांना नादिरशहा सांगा, इंग्रज सांगा, महादजी सांगा. आणि भाऊही सांगा.

आता प्रश्न घेऊ.