घरातलं जुनं लाकूड : ओळखावं कसं, घासावं की नाही?

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण होत आहेत. सुरुवातीला आपण राहायला आलो, तेव्हा ट्रकमधून काय काय उतरलं होतं ते जुन्या सभासदांना आठवत असेल. कुणाची पुसदच्या वाड्यातली बंगई, कुणाचा दारव्ह्याहून आणलेला पलंग, कुणाचं वणीच्या घरातलं देवघर. आता पुढची पिढी घरं नव्याने करून घेते आहे आणि मला दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतं, "काका, हे खरंच जुनं आहे का? पॉलिश मारून घ्यावं, की देऊन टाकावं?" सुतारकामाची मला आवड आहे, एवढीच माझी पात्रता. स्मरणिका समितीने काहीतरी ऐतिहासिक लिहा म्हटलं, म्हणून या प्रश्नाचं उत्तर एकदाचं सविस्तर लिहितो.

आधी थोडा इतिहास. आपल्याकडे पूर्वी बसणं-जेवणं सगळं जमिनीवर. घरात लाकडी सामान म्हणजे पाट, चौरंग, पेटारा, देव्हारा, बंगई, फार तर एखादा पलंग. खुर्ची-टेबल आलं ते कचेरीबरोबर. १८५३ मध्ये निजामाकडचं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत आपली शकुंतला धावू लागली. कापसामागे जिनिंग-प्रेसिंग, आडत दुकानं, कोर्ट, वकील, मास्तर असं सगळं आलं. या लोकांना खुर्ची हवी, टेबल हवं, कागद ठेवायला कपाट हवं. गावातल्या सुताराने साहेबाच्या बंगल्यातली लांब हातांची आरामखुर्ची पाहिली आणि तशीच इथल्या सागात घडवली. आपल्या घरांतल्या जुन्या खुर्च्या बहुतेक या वंशातल्या.

मग लोखंड आलं. गोदरेज कंपनीने १९२३ च्या सुमारास पोलादी कपाटं करायला सुरुवात केली. पुढे लग्नात लाकडी पेटाऱ्याऐवजी लोखंडी कपाट देण्याची पद्धत पडली. त्यानंतर प्लायवुड आणि सनमायका. त्यामुळे पूर्ण भरीव सागाची वस्तू दिसली, की ती निदान दोन पिढ्या जुनी असण्याचा संभव बराच. पण संभवच. खात्री करायला वस्तू उलटी करून पाहावी लागते.

लाकूड ओळखायचं तर पॉलिश असलेल्या बाजूला पाहू नका. तळ, मागची बाजू, खणाचं आतलं अंग पाहा. साग सोनेरी-तपकिरी असतो, त्यात गडद रेघा असतात, हाताला किंचित तेलकट लागतो आणि कोपऱ्यात जरासं खरवडलं तर चामड्यासारखा वास येतो. शिसम जांभळट-काळा आणि चांगलाच जड. बीजा पिवळसर-तपकिरी, भिजला की पाण्यात रंग सोडतो. मधुमेहावर बीजाच्या पेल्यातलं पाणी पिणारे आपल्याकडे अजून आहेत. हळदू नावाप्रमाणे पिवळा, बारीक पोताचा. आंबा फिकट, हलका, आणि त्याला कीड लवकर लागते. बाहेरून साग आणि खणाच्या आत आंबा निघाला, तर सुताराने फसवलं असं समजू नका. जिथे दिसत नाही तिथे महाग लाकूड घालायचं नाही, ही काटकसर होती. सागाचा मान तेव्हाही होता आणि आजही आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातलाच साग गेला.

वय सांधे सांगतात. जुन्या कामात एका तुकड्याचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून त्यातून आरपार लाकडी खुंटी मारलेली असते. खणाच्या कोपऱ्यावर पारव्याच्या शेपटासारखे दात एकमेकांत अडकवलेले दिसतात. दात कमीजास्त रुंदीचे असले तर हातकाम, सगळे एकसारखे असले तर मशीनकाम. हाताने ओढलेल्या करवतीच्या खुणा सरळ असतात, गोल करवतीच्या कमानीसारख्या. लोहाराने ठोकलेला खिळा चौकोनी, कारखान्यातला तारेचा खिळा गोल. स्क्रूच्या डोक्यावर फुली असेल तर तो १९३० च्या दशकानंतरचा, कारण त्या सुमारास तो अमेरिकेत निघाला. अर्थात दुरुस्तीत नवा स्क्रू बसू शकतो, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये. आणखी एक सोपी परीक्षा : जुन्या गोल टेबलाचं माप दोन्ही बाजूंनी घ्या. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने जास्त आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून वर्षानुवर्षांनी गोल टेबल जरासं लांबट होतं. आपल्याकडे मे महिन्यात सहज निघणारा खण श्रावणात अडकतो, तेही याच कारणाने. त्यासाठी पावसाळ्यात रंधा मारू नका. उन्हाळ्यात खण खुळखुळेल.

आता मुख्य प्रश्न, घासायचं की नाही. जुन्या चांगल्या सामानावर बहुधा फ्रेंच पॉलिश असतं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख, कापसाच्या पोटलीने थरावर थर चढवलेली. ही लाख पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्यांपासून मिळते. कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन न दिसणाऱ्या जागी लावा. जागा चिकट झाली आणि बोळा तांबूस झाला, तर ती लाख. मग जुना थर खरवडायची गरजच नाही, कारण लाखेचा नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. आधी ओलसर फडक्याने मळ काढा, लगेच कोरडं पुसा, आणि मग ठरवा. पुष्कळदा काळेपणा म्हणजे नुसता मळ असतो.

मशीनने घासलं की पन्नास-साठ वर्षांत लाकडावर चढलेला रंग जातो, कडा गोल होतात, नक्षी बोथट होते. कॉस्टिकच्या पाण्याने लाकूड काळं पडतं आणि सांधे सुटतात. पण घासूच नये असंही नाही. नंतर कुणी ऑईलपेंट फासला असेल, पॉलिशचे पापुद्रे निघत असतील, वस्तू रोज वापरायची असेल, तर अवश्य करून घ्या. फक्त जुन्या रंगात शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. म्हणून असा रंग कोरडा घासू नका, आणि लहान मुलांना तिथून लांब ठेवा. जवसाचं तेल लावलंत तर तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. मोकळे पसरून वाळवा. आणि भोकांतून ताजी भुकटी पडत असेल तर आधी किडीचा बंदोबस्त, पॉलिश नंतर.

आमच्या घरचं एक उदाहरण सांगतो. आजोबा एका आडतीवर दिवाणजी होते. त्यांचं उतरत्या झाकणाचं डेस्क दादाकडे आहे, जमिनीवर मांडी घालून लिहायचं. बाहेरून त्याला कुणीतरी हिरवा ऑईलपेंट दिलेला. दादाला ते मुलाच्या पुण्याच्या फ्लॅटसाठी आतून-बाहेरून नवं करून हवं होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला शाईने मोडीत काहीतरी लिहिलेलं होतं. दादा म्हणाला, "आपल्यापैकी कुणाला वाचता येत नाही, ते ठेवून काय करायचं?" मी म्हटलं, वाचून घेऊ, मग घास. आमचं बरंच वाजलं. अखेर मोडी जाणणारे एक गृहस्थ भेटले. त्यांनी वाचलं : गावांची नावं, त्यापुढे कापसाच्या गाड्या, आणि एका कोपऱ्यात आजोबांची स्वतःची उचल. आत्याच्या लग्नाकरिता घेतलेली, महिन्याच्या पगारातून कापत गेलेली, शेवटी रेघ मारून फिटल्याची खूण. आजोबा घरचे खाऊनपिऊन सुखी होते, एवढंच आम्ही ऐकत आलो होतो. दादा काही बोलला नाही. बाहेरचा हिरवा रंग काढून लाख लावली. आतल्या बाजूला कुणी ओलं फडकंही लावायचं नाही, असा आता त्याचाच हुकूम आहे.

विकायचंच ठरलं तर दोन गोष्टी. वजनावर देऊ नका. निदान दोघांना दाखवा. आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही, हे अमेरिकेत मुलं असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

ठेवायचं असेल तर एक काम याच महिन्यात करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून प्रत्येक वस्तूची चिठ्ठी लिहा : कुणी केली, कुठल्या गावी, कोणाच्या लग्नात आली, कधी दुरुस्त झाली. ती खणाच्या तळाशी ठेवा. लाकडाचं वय सांधे पाहून सांगता येतं. कोणाचं होतं हे माणसालाच सांगावं लागतं, आणि ती माणसं आपल्या सोसायटीतही आता थोडीच उरली आहेत. वस्तू उलटी करायला मदत लागली तर रविवारी सकाळी हाक मारा. टॉर्च घेऊन येतो.