छप्पन्न खड्ड्यांचे कोडे

इंग्लंडमधील सॉल्झबरीच्या माळावरचे स्टोनहेंज, म्हणजे प्रचंड शिळांचे वर्तुळ, बहुतेकांनी चित्रात पाहिलेले असते. चित्रात सहसा न दिसणारी गोष्ट म्हणजे शिळांच्या बाहेरून, मातीच्या बांधाच्या आतल्या कडेने खणलेले ५६ खड्डे. ते सुमारे ५००० वर्षांपूर्वीचे आहेत. मोठ्या शिळा त्यानंतर जवळपास ५०० वर्षांनी उभ्या राहिल्या.

खड्डे छप्पन्नच का? १९६४ साली जेराल्ड हॉकिन्स या खगोलशास्त्रज्ञाने एक उत्तर सुचवले. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला दोन बिंदूंत छेदते. हेच आपले राहू-केतू. ते १८.६१ वर्षांत आकाशाची एक फेरी पुरी करतात. तीन फेऱ्यांची वर्षे होतात ५५.८३, म्हणजे जवळजवळ ५६! खड्ड्यांपाशी खुणेचे सहा दगड ठेवून दरवर्षी एकेक घर पुढे सरकवले, की ग्रहणांचा काळ सांगता येईल. १९६६ मध्ये फ्रेड हॉयल यांनीही याच खड्ड्यांवरून ग्रहणे वर्तवण्याची रीत मांडली. पण ती वेगळी होती. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. एकाच आकड्यातून दोन निरनिराळी यंत्रे निघत असतील, तर आकडा जुळला हा पुरावा कितपत भक्कम मानायचा?

खड्ड्यांतील माती मात्र काही ठोस सांगते. उत्खननात अनेक खड्ड्यांत दहन केलेल्या माणसांच्या अस्थी सापडल्या. येथील २५ व्यक्तींच्या अस्थींतील स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी किमान १० जण आयुष्याची अखेरची वर्षे या परिसरात राहत नव्हते, बहुधा पश्चिम वेल्समध्ये होते. स्टोनहेंजचे लहान, निळसर दगडही तिकडचेच. म्हणजे ही जागा निदान सुरुवातीला स्मशानभूमी होती.

मग आकाशाचा संबंध नाहीच का? आहे. शिळांचा अक्ष एका बाजूला उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाकडे, तर दुसऱ्या बाजूला हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसाच्या सूर्यास्ताकडे रोखलेला आहे. (त्या मोठ्या दिवशी पुण्यात सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो, तिथे सुमारे ४० अंश. विद्यार्थ्यांकडून हा फरक पृथ्वीगोलावर जरूर पडताळून घ्यावा.) या दोहोंपैकी महत्त्वाचा क्षण कोणता, हे नुसत्या रेषेवरून ठरत नाही. तिथून सुमारे तीन किलोमीटरवर, मोठ्या शिळा उभारल्या त्याच काळातील एक वस्ती सापडली आहे. तेथील उकिरड्यांत डुकरांची हाडे विपुल आहेत. दातांवरून त्यांतील अनेक डुकरे मारली तेव्हा सुमारे नऊ महिन्यांची होती असे दिसते. पिल्ले वसंतात जन्मतात. म्हणजे जेवणावळी उठत होत्या त्या ऐन हिवाळ्यात.