जुम्म्याचा दालचा

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले येतात. आज आपण बार्शीकडच्या साध्या मुसलमान घरच्या चुलीपाशी बसू.

मुसलमानाघरी रोज पुलाव शिजतो, असा पुष्कळांचा समज असतो. पण इथली जमीन काळी, पाऊस बेताचा. शेजाऱ्याच्या तव्यावर जी ज्वारीची भाकरी, तीच यांच्याही. घरची बाई आठवडा आखते तो बाजाराच्या दिवसापासून. पालेभाजी टिकत नाही, म्हणून ती आधी. मग वांगी, दुधी. भाजी सरली की डाळ अन् शेंगाची चटणी. मटण बहुधा जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी. ते थोडे, आणि खाणारी तोंडे फार! मग हंडीत डाळ, दुधी, चिंचेचा कोळ पडतो आणि अर्ध्या किलोत सारे घर जेवते. हाच दख्खनचा दालचा.

आता हे ताट नीट पाहा. तूर या देशाचीच. ज्वारी फार प्राचीन काळी आफ्रिकेतून आली. मिरची पोर्तुगीजांनी 16व्या शतकात आणली. 1347 साली बहमनी राज्य उभे राहिले, तेव्हा इथे कोणाच्याच कालवणात ती नव्हती. आणि 1972च्या दुष्काळात परदेशी तांबडी मिलो आली, ती हिंदूंनी खाल्ली, मुसलमानांनीही खाल्ली.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना आपापल्या घरचा आठवडा लिहून आणायला सांगा. वह्या शेजारी-शेजारी ठेवा. किती ओळी सारख्या निघतात, ते मुलांनाच मोजू द्या.