धोटा, रोबो आणि वेठ

कॉम्प्युटर आला, रोबो आला, आता माणसाचं काम संपलं, अशी बोंब सध्या चहूकडून चाललीय. लिहिणारे बहुतेक टेबलामागचे. त्यांच्या खुर्चीला पहिल्यांदाच धक्का बसतोय, म्हणून घाबरलेत. घाबरणारच. पण गिरणीतल्या माणसाला ही गोष्ट नवी नाही, आणि आपल्या लोकांच्या बाबतीत तर तिच्यात एक वेगळीच मेख आहे. ती सांगायची म्हणून हे लिहितोय. मी फार शिकलेला नाही. सूतगिरणीत रिंगखात्यात पाळी करतो, सुट्टीला वाचनालयात बसतो. तेवढ्याच भांडवलावर बोलतोय.

आधी धोटा समजून घ्या. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळतो तो धोटा. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की विणकर नवी भरतो आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढतो. कसं काढतो? भोकाला तोंड लावून श्वासानं ओढतो. पाळीत शेकडो वेळा. धागा थुंकीनं ओला होतो, तोंडात कापसाची धूळ जाते. विलायतेत लँकेशायरच्या गिरण्यांतही हेच चालायचं, तिथले लोक त्याला धोट्याचा मुका म्हणायचे.

मुंबईत हा मुका आपल्याला मना होता. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार? म्हणून विणाईखात्याचं दार आपल्याला बंद. आणि पगार तर विणाईतच जास्त. आपली माणसं राहिली कताईत आणि कापसाच्या धुळीत. एकाच धोट्याला चार तोंडं लागली तर रोग पसरतो, त्याची कुणाला फिकीर नव्हती. रोगाची थुंकी चालत होती, जातीची चालत नव्हती.

1928 साली मुंबईत मोठा संप झाला. एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. भांडण होतं ते मालकांच्या नव्या पद्धतीचं. दोन माग सांभाळणाऱ्या विणकरानं आता तीन सांभाळायचे, कताईत एक बाजू बघणाऱ्यानं दोन बघायच्या. माणसं कमी, माल तेवढाच. याला त्यांनी ‘रॅशनलायझेशन’ असं गोंडस नाव ठेवलं होतं. आज ऑटोमेशन म्हणतात. बाबासाहेबांनी तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांना रोखठोक विचारलं: सगळ्या खात्यांत काम करण्याचा आमच्या लोकांचा हक्क तुमच्या मागण्यांत आहे का? नसेल तर आमच्या माणसांनी संपात का यावं? पुढाऱ्यांनी नाखुशीनं मागणी घातली. मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. म्हणजे यंत्रामुळं जाणारी नोकरी वाचवायला सगळे एक, आणि जी नोकरी आपल्याला कधी मिळालीच नाही तिच्यासाठी बाबासाहेबांना आपल्याच बाजूच्या लोकांशी भांडावं लागलं!

आता मेख ऐका. तोंड न लावता चालणारा धोटा तेव्हा जगात होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या होपडेल गावी नॉर्थ्रप नावाच्या इंग्रज कारागिरानं 1894 साली असा माग काढला, की माग चालू असतानाच रिकामी कांडी बाहेर आणि भरलेली आत. धागा आपोआप धोट्यात ओवला जातो. एक विणकर सोळा-सोळा माग बघू लागला. त्याच राज्यानं 1911 साली तोंडानं ओढायच्या धोट्यावर कायद्यानं बंदी घातली. लँकेशायरला शहाणपण यायला 1952 उजाडलं. मुंबईत बहुतेक ठिकाणी साधे माग आणि तोंडाचे धोटेच चालत राहिले. मालकांना माहीत नव्हतं असं थोडंच आहे? यंत्रं तर ते परदेशातूनच आणायचे. पण माणसाचं तोंड इथं स्वस्त होतं.

मला वाटतं, तो धोटा तेव्हा सगळीकडं आला असता तर विटाळाचं हे निमित्त तरी गेलं असतं. जात गेली नसती. ती दुसरं काहीतरी शोधतेच. पण दार थोडं किलकिलं झालं असतं. जे यंत्र आपल्या कामाचं होतं ते आलं नाही, आणि माणसं कमी करायची पद्धत मात्र कुठल्याही नव्या यंत्राशिवायच आली.

18 जानेवारी 1982 ला पुन्हा संप. डॉ. दत्ता सामंत पुढे, अडीच लाखांच्या आसपास कामगार मागे. पुढं गिरण्या बंद पडत गेल्या. त्या कामगारांची कामं रोबोनं खाल्ली का? नाही. कापड निघत होतं भिवंडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये, यंत्रमागावर. त्यात गिरण्यांनी भंगारात काढलेले जुने मागही होते. काम नव्या यंत्राकडं नाही, जुन्या यंत्राकडं आणि स्वस्त माणसाकडं गेलं. परेल-लालबागला टॉवर उभे राहिले ते वेगळंच.

त्याच सुमारास बँकेचे कारकून कॉम्प्युटरविरुद्ध उभे होते. 1983 साली त्यांच्या संघटनांनी लेखी करार केला. यंत्रं कुठं आणि किती बसवायची याच्या अटी घातल्या. कॉम्प्युटर आलाच, पण कारकून रस्त्यावर आला नाही. आम्ही त्यांना हसायचं कारण नाही. शिकायचं कारण आहे.

जाता जाता एक गंमत. कॉम्प्युटरसुद्धा मागाच्याच पोटचा. 1804 च्या सुमारास फ्रान्समध्ये जॅकार्डनं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा नक्षीचा माग केला. त्याआधी नक्षीसाठी दोऱ्या ओढायला मागाजवळ पोरं ठेवायचे, त्यांचं काम गेलं. तीच भोकांची युक्ती इंग्लंडच्या बॅबेजनं आपल्या गणिती यंत्रासाठी उचलली, आणि 1890 ची अमेरिकेची शिरगणती हॉलेरिथनं तशाच कार्डांवर मोजली.

आणि रोबो? हा शब्द कारखान्यातून नाही, नाटकातून आला. चेक लेखक कारेल चापेक याचं नाटक 1920 साली छापलं गेलं, शब्द सुचवला त्याच्या भावानं. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळानं फुकट राबायचं. म्हणजे वेठ! त्यांच्याकडं ती 1848 ला कायद्यानं गेली. आमच्याकडं महारवतन 1958 च्या कायद्यानं गेलं, आणि त्याआधी तीस वर्षं, 1928 ला, बाबासाहेबांनी कौन्सिलात त्यासाठी बिल मांडलं होतं. सांगावा न्या, साहेबाचं ओझं वाहा, मेलेलं ढोर ओढा, रात्र असो की पाऊस. मग रोबो नवीन कसा? आमचे पणजोबा रोबोच होते. फक्त त्यांना भूक लागायची.

बाबासाहेब यंत्राचे शत्रू नव्हते. 1945 साली गांधीवादावर लिहिताना त्यांनी साफ मांडलं, की माणसाला जनावराच्या जिण्यातून सोडवायला यंत्र हवंच, दोष यंत्राचा नाही, ते मूठभरांच्या मालकीचं ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. चरख्यावाल्यांना ते झोंबलं असणार.

मग हे यंत्र गटारात का उतरत नाही? हातानं मैला काढण्याविरुद्ध 1993 ला कायदा झाला, 2013 ला दुसरा. 2014 ला सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हटलं, 2023 ला तीस लाख. केरळच्या पोरांनी मॅनहोल साफ करणारा ‘बँडिकूट’ नावाचा रोबो केला, तो 2018 पासून कामावर आहे. तरी माणसं उतरतायत, गुदमरून मरतायत. कुणाची माणसं, ते सांगायला नको. त्यांची कामं रोबो हिसकावील म्हणून कुणी अग्रलेख लिहिलेला मी तरी वाचला नाही.

आमच्या खात्यात दोन रिंगफ्रेमना ऑटो डॉफर बसलाय. भरलेल्या बॉबिनी तोच उपसतो, रिकाम्या तोच लावतो. सहा पोरं कमी झाली, सगळी कंत्राटी, म्हणून कागदावर कुणालाच काढलेलं नाही. त्यातला एक आता ड्रेनेजच्या ठेकेदाराकडं रोजावर जातो. उरलेल्या फ्रेमनाही डॉफर येणार आहेत. आम्ही युनियनमार्फत लेखी दिलंय: काढलेल्या पोरांना याच यंत्रांची दुरुस्ती शिकवा आणि फिटरच्या जागांवर घ्या, कंत्राटी असली तरी. फिटरखात्यात आजवर आपल्यातला एकही नाही. मॅनेजरनं अर्ज घेतला, पोच दिली नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा जातोय.