वेताळाच्या लग्नाला मँड्रेक आला होता

दोन स्वतंत्र चित्रकथांचे नायक एकाच कथेत समोरासमोर येतात, तेव्हा कॉमिक्सच्या परिभाषेत त्याला 'क्रॉसओव्हर' म्हणतात. अशा गाठीभेटींचे अंक मिळवण्यासाठी जगभरचे संग्राहक वर्षानुवर्षे शोध घेत असतात. मराठी वाचकाला असे उदाहरण शोधायला फार दूर जावे लागत नाही. 'इंद्रजाल कॉमिक्स'ने घरोघरी पोहोचवलेल्या वेताळाचे डायना पामरशी लग्न झाले ते १९७७ मध्ये, मूळ इंग्रजी चित्रपट्टीत. त्या लग्नाच्या पाहुण्यांमध्ये जादूगार मँड्रेक आणि त्याचा बलदंड साथी लोथार हेही होते.

या भेटीमागचे कारण साधे आहे. दोन्ही नायकांचा निर्माता एकच, ली फॉक. त्याने मँड्रेकला १९३४ मध्ये आणि वेताळाला, म्हणजे मूळच्या 'फँटम'ला, १९३६ मध्ये जन्म दिला. चार दशके दोघांच्या वाटा वेगळ्या ठेवल्यानंतर त्याने एका मानसपुत्राच्या लग्नाला दुसऱ्याला बोलावले. मात्र या भेटीचा गाजावाजा झाला नाही. अशा शांतपणे घडलेल्या भेटीच सर्वांत दुर्मिळ ठरतात, कारण मुखपृष्ठ पाहून त्यांचा पत्ता लागत नाही.

भेटीचे तीन प्रकार

शोध सुरू करण्यापूर्वी आपण नेमके काय शोधत आहोत, हे ठरवणे आवश्यक असते. पहिला प्रकार जाहीर भेटीचा. अमेरिकेतील डीसी आणि मार्व्हल या दोन प्रतिस्पर्धी प्रकाशकांनी १९७६ मध्ये सुपरमॅन आणि स्पायडरमॅन यांना एकत्र आणले. १९८१ मध्ये बॅटमॅन आणि हल्क यांची गाठ पडली. आपल्याकडे राज कॉमिक्सने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला 'नागराज और सुपर कमांडो ध्रुव' हा हिंदी विशेषांक काढला. नागराजच्या सुरुवातीच्या अंकांचे चित्रकार प्रताप मुळीक होते, तर ध्रुव ही अनुपम सिन्हा यांची निर्मिती. येथे दोन्ही नावे शीर्षकातच असल्याने ओळख पटवणे सोपे जाते.

दुसरा प्रकार पाहुण्याचा. कथा एका नायकाची असते आणि दुसरा दोन-चार चौकटींपुरता डोकावतो. वेताळाचे लग्न याच प्रकारात मोडते. तिसरा प्रकार संघाचा. 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' या १९८६ च्या अमेरिकी कार्टून मालिकेत वेताळ, मँड्रेक, लोथार आणि फ्लॅश गॉर्डन एकत्र लढले. 'किंग्ज वॉच' या २०१३ च्या कॉमिक्समध्येही वेताळ, मँड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन पुन्हा एकत्र आले.

एकाच मालिकेत छापले जाणे म्हणजे मात्र भेट नव्हे. इंद्रजालमध्ये वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि आबिद सुरती यांचा बहादूर हे एकाच नाममुद्रेखाली आले, पण प्रत्येकाचे जग वेगळे राहिले. जुन्या अंकांच्या खरेदी-विक्रीत हा भेद विसरला तर निराशा ठरलेली.

नावांचा घोळ

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये टाइम्स समूहाने सुरू केले आणि १९९० मध्ये ते बंद पडले. या काळात सुमारे आठशे अंक निघाले. इंग्रजीबरोबरच मराठी, हिंदी आणि इतर भारतीय भाषांतही ते प्रसिद्ध होत. भारतीय आवृत्तीत काही नावे बदलण्यात आली. वेताळाचा मूळ 'बंगाला' देश येथे 'देंकाली' झाला. त्यामुळे इंग्रजी सूचीवरून मराठी अंक शोधणाऱ्याची फसगत होते.

दुसरी अडचण खास मराठी आहे. 'चांदोबा' मासिकातील विक्रम-वेताळाच्या गोष्टींमुळे 'वेताळ' हे नाव आधीच परिचयाचे होते. गावोगावच्या वेताळाच्या देवळांमुळे तर ते आणखी जुने. एखाद्या विक्रेत्याकडे किंवा ग्रंथालयाच्या यादीत केवळ 'वेताळ' असे विचारल्यास हाती चांदोबाचा अंक येण्याचा संभव अधिक. 'इंद्रजालचा वेताळ' असे स्पष्ट विचारावे.

क्रमांकांकडेही लक्ष द्यावे लागते. सुरुवातीला अंकांना सलग क्रमांक होते. ऐंशीच्या दशकात त्याऐवजी खंड आणि अंक अशी पद्धत आली. म्हणून आधी मूळ चित्रपट्टीचे वर्ष निश्चित करावे, मग त्यानंतरच्या काळातील अंक चाळावेत. पाहुण्याची भेट शोधायची असेल तर अंक शेवटच्या पानापर्यंत वाचण्याला पर्याय नाही.

उदगीरहून शोध

उदगीरच्या संग्राहकासाठी भूगोल अनुकूल आहे. परळी-विकाराबाद लोहमार्गावरील हे शहर भालकी, बिदरमार्गे हैदराबादशी जोडलेले आहे. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या संस्थानात होता आणि त्या नात्याच्या खुणा बाजारपेठेत आजही जाणवतात. हैदराबादच्या अबिड्स भागात रविवारी पदपथांवर भरणारा जुन्या पुस्तकांचा बाजार प्रसिद्ध आहे. मराठी अंकांसाठी पुण्यातील अप्पा बळवंत चौकाचा परिसर आणि मुंबईत फोर्ट भागातील पदपथांवरचे विक्रेते ही परिचित ठिकाणे.

तरीही सर्वांत महत्त्वाचा साठा बाजारात नसून घरांत असतो: माळ्यावरची पेटी, शाळेच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा, बांधलेल्या अंकांचे खंड. घराची डागडुजी, दिवाळीची साफसफाई किंवा स्थलांतर यांत हा साठा रद्दीच्या काट्यावर चढतो. रद्दीत प्रत्येक कागदाला एकच भाव मिळतो. आत मँड्रेक आहे की नाही, हे तेथे कोणी पाहत नाही.

अंक हाती आल्यावर

हे अंक स्वस्त कागदावर छापलेले असत. असा कागद काळाबरोबर पिवळा आणि ठिसूळ होतो, पिना गंजतात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये; तिचा गोंद पुढे डाग पाडतो. लॅमिनेशन तर टाळावेच. अंक सपाट ठेवावेत, ऊन आणि ओल यांपासून दूर ठेवावेत आणि पावसाळ्यानंतर कसर लागली नाही ना, हे पाहावे.

अंक जुना झाला म्हणून त्यावरील हक्क संपत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. ली फॉकचे निधन १९९९ मध्ये झाले. त्यामुळे पाने स्कॅन करून सर्वत्र वाटणे योग्य नाही. नोंद ठेवण्यास मात्र कोणतीच आडकाठी नाही: भाषा, क्रमांक, वर्ष, कथेचे शीर्षक, आणि कोण कोणाला कोणत्या पानावर भेटले.

रद्दीत काय जाते?

अमेरिकेत डीसी-मार्व्हलच्या 'जस्टिस लीग-अ‍ॅव्हेंजर्स' या भेटीची काही पाने रेखाटून झाल्यावर १९८३ मध्ये काम थांबले. ती कथा अखेर २००३ मध्ये आली. २०२२ मध्ये चित्रकार जॉर्ज पेरेझ आजारी असताना तिच्या फक्त ७ हजार प्रती पुन्हा छापण्यात आल्या. म्हणजे तेथे दुर्मिळ अंकालाही पुनर्मुद्रणाची आशा असते. २०२५ मध्ये बॅटमॅन आणि डेडपूल यांना एकत्र आणून या दोन प्रकाशकांनी जुना परिपाठ पुन्हा सुरू केला.

मराठी अंकांचे तसे नाही. मूळ चित्रे इंग्रजीत अन्यत्र सापडतील, पण ते नायक मराठीत काय बोलले, याचा पुरावा केवळ मराठी अंकच देऊ शकतो. परदेशी 'फँटम'ला 'वेताळ' म्हणणाऱ्या अनुवादाने एका पिढीला वाचनाची गोडी लावली. २०२२ मध्ये ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला झाले. साहित्याचा असा उत्सव पाहिलेल्या शहरातील ग्रंथालयांनी आणि शाळांनी आपापल्या परिसरातील मराठी चित्रकथांची यादी करायला घेतली, तर ते काम खर्चाचे नाही. एक वही आणि काही रविवार पुरेसे आहेत. यंदाच्या दिवाळीत माळा आवरताना गठ्ठा काट्यावर ठेवण्यापूर्वी तो एकदा उघडून पाहिला, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.