कै. दि. बा. पाटील : वकिलीतून लोककारणाकडे

पनवेल हे खाडीकाठचे जुने बंदर. येथून उरणकडे जाणाऱ्या वाटेच्या दोहों अंगांस पूर्वी भाताची खाचरे, मिठागरे आणि कोळ्यांची गावे लागत. समुद्राच्या खाऱ्या पाण्यास बांध घालून जमीन पिकवावयाची, आणि उधाणाने बांध फुटला की सारा गाव घेऊन तो पुन्हा बांधावयाचा, हा येथील आगरी शेतकऱ्याचा पिढीजाद क्रम. अशा जमिनीचे मोल बाजारभावाने करता येते काय, हा प्रश्न ज्या पुरुषाच्या साऱ्या आयुष्यास व्यापून राहिला, ते दिनकर बाळू पाटील उरण तालुक्यातील जासई गावी १३ जानेवारी १९२६ रोजी जन्मास आले. लोक त्यांस 'दि. बा.' म्हणत.

त्यांनी कायद्याची पदवी संपादन केली व पनवेल येथे वकिलीस आरंभ केला. तो काळ कुळाच्या भाग्योदयाचा होता. ह्याच कुलाबा जिल्ह्यात चरी येथील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांविरुद्ध संप चालविला होता. पुढे १९४८ साली कूळकायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ ह्या दिवशी कसणारा कूळ कायद्याने जमिनीचा मालक ठरला. त्याच १९५७ साली दि. बा. शेतकरी कामगार पक्षातर्फे प्रथम विधानसभेवर निवडून गेले. एकंदर पाच वेळा त्यांनी विधानसभेत पनवेलचे प्रतिनिधित्व केले व तेथे विरोधी पक्षाचे नेतेपदही भूषविले. १९७७ साली ते लोकसभेवर गेले.

परंतु कुळाचे हे सुख फार काळ टिकावयाचे नव्हते. मुंबईची गर्दी कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याचे सरकारने ठरविले. १९७० साली सिडको ही संस्था स्थापन झाली, आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर संपादनाची सूचना आली. ज्याच्या नावावर सातबारा चढून अवघी तेरा वर्षे झाली होती, त्याच्याच दारी सरकारी नोटीस येऊन थडकली.

हे संपादन १८९४ च्या कायद्यान्वये व्हावयाचे होते. त्या कायद्यात मोबदला ठरे तो प्रथम सूचना निघाली त्या दिवसाच्या भावाने. संपादित जमिनीचा पुढे जो उपयोग होणार, त्यामुळे वाढणारी किंमत हिशेबात धरू नये, असे त्यात स्पष्ट म्हटलेले होते. अर्थात शहर उभे राहून भूखंडाची किंमत शतपट झाली, तरी मूळ मालकास तिचा वाटा मिळावयाचा नाही. न्यायाधीश फार तर एकरी दर काहीसा वाढवून देईल; वाटा देण्याचा अधिकार त्यासही नव्हता. जेथे कायद्याचे कलमच आड येते, तेथे न्यायालयातील युक्तिवाद कितीही बिनतोड असला तरी व्यर्थ होय. तो प्रश्न रस्त्यावर आणि विधिमंडळातच सुटावयाचा होता.

दि. बां.च्या नेतृत्वाखाली शेतकरी संघटित झाले. १६ व १७ जानेवारी १९८४ ह्या दोन दिवशी उरण तालुक्यात जासई-नवघरच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले व अनेक जखमी झाले. जन्मगावाच्या शिवारातच आपल्या माणसांचे रक्त सांडलेले पाहण्याचा प्रसंग ह्या नेत्यावर आला. त्याच वर्षाच्या अखेरीस, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर, लोकसभेच्या निवडणुका झाल्या. महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी ४३ काँग्रेसने जिंकल्या. उरलेल्या पाचांत एक दि. बा. होते. एवढ्या मोठ्या लाटेतही येथील मतदार आपल्या वकिलास विसरला नाही.

अखेर १९९० साली सरकारने साडेबारा टक्के योजना मान्य केली, आणि १९९४ साली पूर्वी जमीन गेलेल्यांसही तिचा लाभ देण्याचे ठरले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकास परत द्यावयाची, हे तिचे तत्त्व. पैसा खर्चून जातो. शहराच्या वाढीत जमिनीचा वाटा मात्र वाढत जातो, हा त्यातील मर्म.

योजनेत उणिवा नव्हत्या असे नाही. सार्वजनिक सोयींसाठी कपात होऊन प्रत्यक्ष हाती पावणेनऊ टक्केच पडत. वाटपास वर्षानुवर्षे लागली, वारसांत तंटे झाले, आणि कित्येकांचे भूखंड ताबा मिळण्यापूर्वीच बांधकाम व्यावसायिकांच्या हाती गेले. दि. बां.नी पुढे आपला जुना पक्ष सोडून शिवसेनेत प्रवेश केला, हेही त्यांच्या अनेक चाहत्यांस रुचले नाही. तथापि जमीन गमावणारा हा केवळ भरपाईचा याचक नसून होऊ घातलेल्या शहराचा भागीदार आहे, हे तत्त्व त्यांनी सरकारकडून मान्य करवून घेतले, ह्यात वाद नाही.

२४ जून २०१३ रोजी पनवेल येथे त्यांचा देहान्त झाला. त्यानंतर थोड्याच महिन्यांत संसदेने १८९४ चा कायदा मोडीत काढून नवा कायदा संमत केला. नगरवसाहतीसाठी जमीन घेतल्यास विकसित जमिनीपैकी वीस टक्के जमीन, संपादनाचा व विकासाचा खर्च घेऊन, मूळ मालकांस देऊ करावी, अशी तरतूद त्यात आहे. पनवेलनजीकच्या नव्या विमानतळास दि. बां.चे नाव द्यावे, असा ठराव राज्य विधिमंडळाने २०२२ साली केला, आणि २०२५ साली त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. ती धावपट्टी जेथे पसरली आहे, तेथे एके काळी भात पिकत असे आणि भरतीचे पाणी बांधापर्यंत येत असे. तो बांध घालणाऱ्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. त्यांची बाजू मांडणाऱ्याचे नाव मात्र पनवेल-उरणच्या घराघरांत आजही घेतले जाते.