भाताचे माप आणि इन्सुलिनची मात्रा

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्ह्याचे मुख्य अन्न भात आहे, कारण गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेल्या आणि पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखल्या गेलेल्या जलाशयांनी येथील धानशेती पिढ्यान्‌पिढ्या जगविली आहे. ज्या मधुमेहींना जेवणापूर्वी इन्सुलिन टोचावे लागते त्यांना मात्र या भाताचा हिशेब ठेवावाच लागतो. भातातील कर्बोदके, म्हणजे पचनानंतर साखर होऊन रक्तात उतरणारा अन्नांश, आणि इन्सुलिनची मात्रा यांचा मेळ बसला नाही, तर रक्तशर्करा चढते किंवा जीवावर बेतेल इतकी खाली येते. हा मेळ बसविण्याचे शास्त्र गेल्या शंभर वर्षांत उभे राहिले, परंतु त्याची पहिली मापे पाव आणि बटाटा खाणाऱ्या देशांत ठरली.

टोरोंटो येथे 11 जानेवारी 1922 रोजी लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडातील इन्सुलिनचा अर्क प्रथम टोचण्यात आला. तो अशुद्ध असल्याने फारसा लागू पडला नाही, परंतु जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क 23 जानेवारीपासून दिल्यावर मुलाची प्रकृती सुधारली. इन्सुलिन हाती आले तरी सुरुवातीची रीत अशी होती की मात्रा आधी ठरवायची आणि रुग्णाने तिला साजेल असे तोलूनमापून जेवायचे. लंडनचे डॉक्टर आर. डी. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते आणि 1923 मध्ये इन्सुलिनमुळेच वाचले होते; त्यांनी रुग्णांसाठी अन्नाचे वाटे ठरवून दिले व कर्बोदकांचा प्रत्येक वाटा 10 ग्रॅमचा धरला, त्यामुळे पावाऐवजी बटाटा घेतला तरी हिशेब मोडत नसे. ब्रेस्लाऊ येथील बालरोगतज्ज्ञ कार्ल श्टोल्टे याहून पुढे गेले. मुलांना भुकेप्रमाणे जेवू द्यावे आणि प्रत्येक जेवणापूर्वीची मात्रा लघवीतील साखर पाहून बदलावी, असे ते 1929 च्या सुमारास सांगू लागले. अन्नाने औषधाच्या मागे जाण्याऐवजी औषधाने अन्नाच्या मागे जावे, हा या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा विचार होय, आणि तो दीर्घकाळ मागे पडला ही खेदाची गोष्ट आहे. डेन्मार्कमधील हागेडॉर्न यांनी 1936 मध्ये सावकाश शोषले जाणारे इन्सुलिन आणल्यावर दिवसाकाठी एकच टोचणी पुरेल अशी आशा वाटू लागली. मात्र त्या सोयीची किंमत म्हणून रुग्णाला घड्याळाच्या काट्यावर जेवणे भाग पडले.

घरच्या घरी बोटाच्या रक्तथेंबातून साखर मोजणारी यंत्रे आली, तेव्हा श्टोल्टे यांच्या विचाराला भक्कम आधार मिळाला. ड्युसेलडॉर्फ येथे मायकेल बेर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना पाच दिवसांच्या शिक्षणातून जेवणानुसार मात्रा ठरविण्याचे गणित शिकविले. 1441 रुग्णांवरील अमेरिकी चाचणीने 1993 मध्ये रक्तशर्करेच्या काटेकोर नियंत्रणामुळे डोळे, मूत्रपिंड व मज्जातंतू यांची हानी कमी होते हे सिद्ध केले. आणि 1996 पासून जेवणाच्या तोंडावर घेता येणारे जलद इन्सुलिन मिळू लागले.

भंडाऱ्याच्या ताटासाठी लागणारे आकडेही भारतात फार पूर्वीच तयार होते. कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतून डब्ल्यू. आर. आयक्रॉइड यांनी 1937 मध्ये भारतीय अन्नाचे पोषणमूल्य कोष्टकांत मांडले आणि हे काम पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने चालू ठेवले. या कोष्टकांनुसार 100 ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे 78 ग्रॅम, तर तेवढ्याच तुरीच्या डाळीत सुमारे 58 ग्रॅम कर्बोदके असतात. शिजताना भात पाणी पितो आणि ते पाणी दरवेळी सारखे नसते, म्हणून कच्चा तांदूळ मोजणे अधिक विश्वासार्ह ठरते. उदाहरणार्थ, एकाच्या वाट्याला 75 ग्रॅम तांदूळ आणि 25 ग्रॅम डाळ आली, तर सुमारे 73 ग्रॅम कर्बोदके होतात. 15 ग्रॅमला इन्सुलिनचे एक एकक असे प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिले असेल, तर जेवणासाठी सुमारे 5 एकके लागतात. जेवणापूर्वीची साखर 200 मिग्रॅ/डेसिलिटर असून ती 120 वर आणायची असेल आणि एका एककाने ती 40 ने उतरत असेल, तर दुरुस्तीची 2 एकके त्यांत मिळवावी लागतात. ही प्रमाणे केवळ समजण्यासाठी घेतली आहेत. ती माणसागणिक आणि कित्येकदा वेळेगणिक बदलतात. रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपे चिखलात लावण्याच्या दिवसांत कष्टांमुळे साखर एरवीपेक्षा अधिक उतरते, म्हणून त्या दिवसांची मात्रा डॉक्टरांना विचारून वेगळी ठरवावी लागते.

हिशेब अचूक असूनही घात होऊ शकतो, कारण भारतात एका मिलिलिटरमध्ये 40 एकके असलेल्या कुप्या अजून सर्रास वापरल्या जातात आणि 100 एककांचे इन्सुलिनही मिळते. 100 एककांचे इन्सुलिन 40 एककांच्या कुपीसाठी असलेल्या सिरिंजमध्ये 10 च्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात 10 ऐवजी 25 एकके जातात. म्हणून कुपी आणि सिरिंज यांवरील आकडा एकच आहे याची खात्री प्रत्येक वेळी करणे अनिवार्य आहे.

मधुमेहासारख्या असंसर्गजन्य रोगांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या 100 जिल्ह्यांत भंडाऱ्याचा समावेश होता. तपासणी आणि औषध यांच्या जोडीला आता तांदळाच्या मापातले शिक्षण द्यायला हवे, आणि इन्सुलिनच्या चिठ्ठीवर मात्रेशेजारी ती किती कच्च्या तांदळासाठी आहे हे डॉक्टरांनी मराठीत लिहून द्यावे.